मन्या, इंटरकूलरचे पैसे अजून देऊ नकोस

कॉव्हेन्ट्री, रविवार

प्रिय मन्या,

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितोय. "इंटरकूलर गेलाय, म्हणून मिसिंग होतंय" असं त्या गॅरेजवाल्याने सांगितलं ना? थांब जरा. इंटरकूलर म्हणजे इंजिनात जाणारी गरम हवा गार करणारा भाग, आणि मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं. तुझ्या २००५ च्या मिनी कूपर एसला बहुतेक दोन वेगळे आजार आहेत.

या गाडीत थ्रॉटल (हवेची झडप) सुपरचार्जरच्या (हवा कोंबणाऱ्या पंपाच्या) आधी बसतो आणि कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतल्या, दाबावरून हवेचा हिशोब करतो. इंटरकूलरच्या टोकाचा रबरी बूट (जोडनळी) चिरला की कोंबलेली हवा बाहेर सुटते आणि पिकअप मरतो. आयडलिंगला तीच चीर उलट हवा आत ओढते, आरपीएम चढतो. पण चढावर पाय दाबला की बसणारे झटके? ते ठिणगीचं प्रकरण. सुपरचार्जर हवा कोंबतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, मग ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागतं. झिजलेला स्पार्क प्लग उभ्या गाडीत अगदी साळसूद वागतो आणि लोड आला की हात वर करतो.

आधी स्कॅनर लाव. पी०३०१ ते पी०३०४ हे मिसिंगचे कोड, त्यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर. प्लगना व्होल्टेज पुरवणारा कॉइल पॅक एकच आहे, १-४ आणि २-३ अशा जोड्यांचा. जोडीतले दोघंही आले तर संशय कॉइलवर. एकटाच आला तर त्याची वायर कॉइलकडून उपटून टोक बघ. पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर वायरींचा सेटच बदल. या मॉडेलमध्ये हे नेहमीचंच. वायर स्वच्छ निघाली तर प्लग शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल कर. कोडही सरकला तर प्लगच चोर. इंजिन थंड असतानाच काढ हं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. सोळाचा प्लग पाना माझ्याकडे आहे.

इंटरकूलर तरीही बघच. बोनेट उघडलंस की समोरच, इंजिनच्या डोक्यावर. आत तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नकोस. बाहेरून बुटाच्या काठाला तेलकट ओल आणि तिच्यावर धूळ बसली असेल तर मात्र तिथून हवा सुटतेय. कोणीतरी आधी खोलून बूट तिरका बसवलेला असतो, क्लॅम्प नुसता नावाला. खात्री हवी तर स्मोक टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं, करून घे. बोनेटखालचं सीलही बघ. ते फाटलं असेल तर बोनेटवरच्या स्कूपमधली (हवा घेणाऱ्या तोंडातली) हवा इंटरकूलरला बगल देऊन जाते. आणि ट्रॅफिकमध्ये तापल्यावर गाडी जरा सुस्त वाटली तर तो बिघाड नाही. हवा गरम झाली की कॉम्प्युटर मुद्दाम टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो.

इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मोटरवेवर जाऊच नकोस. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला खराब करतं, आणि त्याचं बिल तुला झेपणार नाही.

कोड कोणता येतो ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
पश्या