दिव्याची आधी चोच पाहा, मग चित्र

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

संग्रहालयात प्राचीन दिव्यांची नोंद करताना हमखास होणारी चूक म्हणजे चित्रावरून गट पाडणे. रोमन दिव्याच्या तबकडीवर योद्धा आहे की कोंबडा, यावरून ढीग लागतात आणि पाटीवर उरते ‘रोमन दिवा, भाजलेली माती’. चित्र तर या साच्यातून त्या साच्यात सहज जाई.

आधी घडण पाहावी. चाकावरच्या दिव्याच्या आत बोटांचे वळे दिसतात आणि चोच, म्हणजे वात बाहेर येते ते तोंड, वेगळी करून जोडलेली असते. साच्यातल्या दिव्याला वरचा-खालचा भाग जुळवल्याचा सांधा कडेने फिरतो. त्यानंतर चोच. जर्मन पुरातत्त्वज्ञ झीगफ्रीड लोश्केने १९१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विंडोनिसा या रोमन छावणीतल्या दिव्यांचे पाडलेले वर्ग अजून कामी येतात: त्रिकोणी टोकाची चोच आणि दोन बाजूंना वेटोळी असतील तर वर्ग १, वेटोळी आहेत पण टोक गोल असेल तर वर्ग ४, वेटोळ्यांविना आखूड गोल चोच असेल तर वर्ग ८.

तळावरचा शिक्का फसवा. ‘फोर्टिस’ हे उत्तर इटलीतल्या दिवे घडवणाऱ्याचे नाव वाचून दिवा तिथलाच ठरवू नये. असे दिवे घेऊन प्रांतोप्रांती नवे साचे काढले गेले. माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे नकलेची नक्कल लहान होत जाते, अक्षरेही बुजतात. म्हणून लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये घ्यावी, कान वगळून. शिक्क्याचा फोटो तिरक्या उजेडात काढावा. अंगावर बारीक गोळ्या दिसल्या तर साचा प्लास्टरचा समजावा, कारण त्यातल्या बुडबुड्यांच्या खळग्यांत माती शिरते. तेवढ्यावरून दिवा बनावट ठरत नाही. प्लास्टरचे साचे तेव्हाही होते.

काजळी घासू नये. देवघरातल्या समईला चिंच लावतात, तो न्याय इथे नाही. चोचीवरची काजळी दिवा वापरात होता हे सांगते, आणि मातीत मुरलेल्या तेलाचे अंश प्रयोगशाळेत ओळखता येतात. साबणाने दोन्ही पुरावे धोक्यात येतात.

क्रमांकही थेट मातीवर नको. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, वाळल्यावर त्यावर शाई, वर पुन्हा थर. जागा तळाची, पण शिक्का सोडून.

पाटीवर वर्गाच्या जोडीने ‘चाकावर घडवलेला’ किंवा ‘साच्यातला’ एवढे तरी लिहावे. धारावीच्या कुंभारवाड्यात चाकावर पणती होताना पाहिलेल्या मुलाला पुढचे समजावून सांगावे लागणार नाही.

– संग्रह-नोंदणीचे काम करणारे काही वाचक, मुंबई