पोराला मे महिन्यात माझ्याकडं पाठव

कुपवाड, सांगली
18 जानेवारी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत होतास, मीही लेथ मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावून आलो होतो, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. पण तुझं एक वाक्य दोन रात्री डोक्यातून जाईना. "तीन वर्षं लोखंड घासण्यात घालवली, काय मिळालं? पोराला त्या वाटेला जाऊ देणार नाही." पोरगं दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा करतो म्हणतंय आणि तू त्याला कॉम्प्युटरकडं ढकलतोयस. असलं काही मला फोनवर बोलायला जमत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र लांबणार, निवांत वाच.

आपल्या टेक्निकल शाळेतला, आठवीतला पहिला जॉब आठवतो? 50 बाय 50 चा, 6 मिलिमीटर जाडीचा माइल्ड स्टीलचा तुकडा. चारी कडा सरळ आणि चारी कोपरे काटकोनात, एवढंच करायचं. आपल्याला वाटलं तासाभराचं काम. पाच आठवडे गेले, लेका. डावा पाय पुढं, कानस पुढं जाताना दाब, मागं येताना उचलून. हात झोका खायचा आणि कडेला मधोमध पोट यायचं. फिटिंगचे सर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, लावून तुकडा खिडकीकडं धरायचे. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत आपल्या हातात, तोंडातून शब्द नाही. घासलेल्या कडेवरून कुणी बोट फिरवलं तर मात्र ओरडायचे. बोटाचं तेल लागलं की कानस नुसती सरकते, चावत नाही. हे "चावत नाही" मी आजही माझ्या कामगारांना सांगतो आणि प्रत्येक वेळी सरांचा आवाज कानात येतो.

आणि ते मोरचुदाचं पाणी! घासून पांढऱ्या झालेल्या लोखंडावर फडकं फिरवलं की तांब्याचा लाल थर चढायचा, आणि त्यावर स्क्रायबरच्या टोकदार सळईनं ओढलेली रेघ केसासारखी चमकायची. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट इतकी जवळून मी तेव्हा पाहिली.

आपल्या बॅचचं बोलायचं तर आपल्या दोस्तापासून, गुण्यापासून सुरुवात करायला हवी. सांगलवाडीहून आयर्विन पुलावरनं सायकल मारत यायचा, आणि दिसेल ती वस्तू काटकोनात आहे का बघायचा, बाकाचा पाय असो की खिडकीची चौकट. म्हणून त्याला अवजाराचंच नाव पडलं. ड्रॉईंगमध्ये तू आणि मी दोघंही अडकलो होतो. फर्स्ट अँगल पद्धतीच्या ड्रॉईंगमध्ये वरून दिसतं ते खाली काढायचं, उजवीकडून दिसतं ते डावीकडं, हे डोक्यात शिरतच नव्हतं. पाठ करून चुकायचो. तेव्हा गुण्यानं घरून कपड्याच्या साबणाची वडी आणली. शिवणाच्या दोऱ्यानं कापून तिला पायरीचा आकार दिला आणि ड्रॉईंग शीटवर ठेवली. म्हणाला, "वरून जे दिसतंय ते काढा. आता वडी उजवीकडं लोळवा. कुठली बाजू वर आली? डावी. तीच इथं काढायची." झालं! महिनाभर फळ्यावर समजलं नव्हतं ते एका लोळण्यात समजलं. शीटवर साबणाचा डाग पडला म्हणून सरांनी दोन मार्क कापले, पण कशाचा डाग ते कळल्यावर ती वडी मागून घेतली. पुढच्या वर्षी त्यांच्या टेबलावर तशा चार वड्या होत्या.

माझं एक काम मी तुला कधी सांगितलं नाही. नववीत मेल-फिमेल जॉइंटचा, म्हणजे एकमेकांत घट्ट बसणाऱ्या दोन तुकड्यांचा जॉब होता. माझ्या जॉबमध्ये एका बाजूला फट राहिली होती. सगळे पाणी प्यायला गेले तेव्हा मी बॉलपीन हातोड्यानं कड हळूहळू ठोकून पसरवली, वरून कानस मारली आणि फट बुजवली. उजेडाकडं धरलं तर काही दिसेना. सरांनी उजेडाकडं धरलाच नाही. डोळे मिटून कडेवरून नख फिरवलं, एका जागी थांबले आणि जॉब माझ्या हातात देऊन म्हणाले, "नवीन तुकडा घे." कुणाला कळू दिलं नाही, मार्कही कमी केले नाहीत. मी शनिवारी येऊन परत केला. आज माझ्याकडून माल घेणारे लोक माझा माल न मोजता ठेवून घेतात. माझी ती कमाई त्या शनिवारची आहे, असं मी मानतो.

आता तुझं. स्मिथीच्या शेडमध्ये कोळशाच्या धुरानं आम्ही सगळे डोळे चोळत बाहेर पळायचो आणि तू भात्याजवळ उभा असायचास. छिन्नीला पाणी द्यायचा, म्हणजे तिची धार कडक करायचा दिवस आठव. टोक लाल करायचं, तेवढंच पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून झटकन घासून चकचकीत करायचं आणि मग बघत राहायचं. मागची धग पुढं सरकते आणि लोखंडावर रंग धावू लागतात. आधी पिकल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेवर जांभळा पोचला त्याच क्षणी पाण्यात. जरा आधी बुडवली तर घाव घालताना धार तुटते, जरा उशीर झाला तर वाकते. आम्ही सगळे चुकलो. माझी छिन्नी दुसऱ्या घावाला मोडली. तू सांडशी धरून मान वाकडी करून बघत होतास, आणि मास्तरांनी "आता" म्हणायच्या आधी तुझा हात गेला होता. मास्तर म्हणाले, "याला डोळा आहे." तुझी ती छिन्नी पुढच्या दोन बॅच वापरत होत्या. हे तू विसरलास की आठवायचं टाळतोस, ते मला माहीत नाही.

किर्लोस्करवाडीच्या सहलीतसुद्धा तूच रेल्वेच्या खिडकीतून आत डोकं घातलं नाहीस. नांद्रे, भिलवडी स्टेशनं गेली तरी सर बोलतच होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ड्रॉईंग शिकवायचे, पुढं बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि 1910 साली औंध संस्थानानं दिलेल्या कुंडल रोडजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणला. लोखंडी नांगरानं जमिनीला विष लागतं म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, हे ऐकून आपण हसलो होतो. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीतही सर घेऊन गेले होते. तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, आमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. शस्त्रांचं काम संपलं, मग त्याच हातांनी भोपळ्याच्या सतारी केल्या. परत येताना तू बसमध्ये गप्प होतास.

तुझं दुखणं मला ठाऊक आहे. पॉलिटेक्निकला टेक्निकलच्या पोरांसाठी वेगळ्या जागा होत्या, तुझा फॉर्म भरून तयार होता. त्याच उन्हाळ्यात तुझ्या वडिलांचं दुकान बसलं आणि तुला कॉमर्सला घातलं. तू बँकेत लागलास, घर उभं केलंस, बहिणींची लग्नं केलीस. यात काहीच वाया गेलं नाही. पण फॉर्म फाटला त्या दिवसाचा राग तू अजून त्या शेडवर काढतोयस, असं मला वाटतं.

तू गुण्याचं उदाहरण देशील, तेही खोटं नाही. आपल्यात सर्वांत हुशार तो, आणि घरच्या अडचणीनं दहावीनंतर कारखान्यात हेल्पर झाला. पुढं फिटर. 22 वर्षांनी कारखाना बंद पडला, शेवटच्या महिन्यांचे पगारही बुडाले. तेव्हा त्याच्या घरी मी गेलो होतो, काय बोलावं सुचेना. आज सांगलवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये तो पाण्याचे पंप आणि उसाचे चरक दुरुस्त करतो. पैसा बेताचाच. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्याला बुडवलं ते त्याच्या हातांनी नाही. सगळं गेल्यावर तेच शिल्लक राहिले.

2019 च्या पुराचं तुला सांगायचं राहिलंच. आयर्विनपाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलं होतं. सांगलवाडीला चारी बाजूंनी वेढा. गुण्याचं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर आपल्या शाळेतून निरोप आला, वर्कशॉपमध्ये कमरेइतका गाळ आहे. आम्ही नऊजण गेलो. गुण्या स्वतःचं घर अर्धं धुऊन डिझेलचे दोन कॅन घेऊन आला. तीन दिवस त्यानं लेथचं हेडस्टॉक उघडून एकेक बेअरिंग धुतलं, ग्रीस भरलं, परत बसवलं. मी वाइसवरचा, म्हणजे तुकडा पकडायच्या शिकंज्यावरचा गंज काढत होतो. सात नंबरच्या बेंचवर, जबड्याच्या खाली, गाळ खरवडल्यावर सेंटर पंचानं मारलेले ठिपके दिसले. तुझी, माझी आणि गुण्याची आद्याक्षरं. नववीत मारली होती आपण. मी त्यावर तेल लावलं. तू तेव्हा बदलीच्या गावी होतास, पैसे पाठवलेस, ते मोटारींच्या रिवाइंडिंगला लागले. हिशेब शाळेत आहे.

आता मुद्द्याचं. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा तुझा पोरगा दोन तास माझ्या शेडमध्ये होता. तू वहिनींसोबत गणपतीला गेला होतास. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर काम चालू होतं, आम्ही दोघं चहा पीत होतो. मधेच तो म्हणाला, "काका, आवाज बदलला का?" मी मशिन थांबवून बघितलं तर लोखंड कापणाऱ्या इन्सर्टची धार गेली होती. माझ्याकडं दोन वर्षं काम करणाऱ्या ऑपरेटरला तो फरक कळला नव्हता. तुझ्याकडं डोळा होता, याच्याकडं कान आहे. कॉम्प्युटर वाईट नाही, माझं अर्धं मशिन त्याच्यावरच चालतं. पण जॉब बरोबर आला की नाही हे शेवटी माणूसच सांगतो, आणि सांगणारी माणसं मला मिळत नाहीत. डिप्लोमा झालेली पोरं येतात, त्यांना ड्रॉईंग वाचता येत नाही. साबणाची वडी कापून दाखवावी लागते.

म्हणून विनंती आहे. ॲडमिशनचं आत्ताच काही ठरवू नकोस. परीक्षा झाली की मे महिन्यात त्याला माझ्याकडं पाठव. चार आठवडे. राहायला घरी, जेवण आमच्या हिच्या हातचं. पहिल्या दिवशी मी त्याला 50 बाय 50 चा तुकडा देणार, मशिनला हात लावू देणार नाही. शनिवारी गुण्याकडं नेईन, मी त्याच्याशी बोललोय, तो तयार आहे. महिन्यानंतर पोरगा स्वतःच म्हणाला की नको, तर मी तुला परत एक शब्द बोलणार नाही.

दोन जुने सुती शर्ट दे बरोबर, टेरिकॉट नको, ठिणगी पडली की चिकटतं. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. मी रविवारी सकाळी फोन करतो, आधी पोराकडं दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सात नंबरच्या बेंचवरचा