सी फॉरमॅट करण्याआधी

महोदय,

लॅपटॉप सुरू होत नसेल तर काय करावे, याची चौकट आपल्या अंकात गेल्या आठवड्यात वाचली. त्यात 'रिसेट करा', म्हणजे विंडोज नव्याने बसवा, हा सल्ला वरच आहे आणि 'बॅकअप घ्या' ही ओळ अगदी तळाशी. हाच क्रम धरून लोक आपल्या फाइली घालवतात. चिपळुणात माझे लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे त्याचे परिणाम माझ्या टेबलावर येऊन पडतात.

आधी बिघाड कुठला ते बघावे. दिवाच लागत नसेल तर चार्जर, त्याची पिन, बॅटरी किंवा आतला मुख्य बोर्ड. चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, मग चार्जर लावून पुन्हा बघा. एवढ्यानेही बरीच मशीन उठतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आले तर बिघाड बहुधा फक्त स्क्रीनचा. या दोन्ही प्रकारांत फाइलींना बहुधा धक्काही लागलेला नसतो. बहुतेक विंडोज लॅपटॉपांची डिस्क चार स्क्रू काढले की बाहेर येते आणि केसिंगमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या मशीनला लावता येते. (नव्या मॅकबुकचे तसे नाही, तिथे स्टोरेज बोर्डावरच असते.) तेव्हा 'बोर्ड गेला, डेटा गेला' असे कोणी म्हणाले तर मान डोलावू नका.

खरी गल्लत तिसऱ्या प्रकारात होते. कंपनीचा लोगो येतो, गोल फिरत राहते, निळी स्क्रीन येते, 'ऑटोमॅटिक रिपेअर' संपता संपत नाही. मग आमच्या धंद्यातले ठरलेले वाक्य: "सी फॉरमॅट करतो, डीला हात लावत नाही." म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग पुसून नवा करतो, दुसरा भाग तसाच ठेवतो. गिऱ्हाईक निर्धास्त होते. पण मुलीच्या प्रबंधाची प्रकरणे, साखरपुड्याचे फोटो, सोसायटीचे हिशेब डीमध्ये कोण ठेवतो? सगळे डेस्कटॉपवर असते, नाहीतर डाऊनलोड्समध्ये. आणि डेस्कटॉप, डाऊनलोड्स, डॉक्युमेंट्स हे मुळात सीमध्येच असतात. मुद्दाम हलवले नसेल तर तिथेच राहतात. हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅमचा डेटाही अनेकदा तिथेच. जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतर निदान काही तरी परत मिळायची आशा असे. हल्लीच्या एसएसडीत (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कमध्ये) पुसलेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते, मग कुठलेही रिकव्हरी सॉफ्टवेअर कामाला येत नाही.

'रिसेट'मध्ये 'कीप माय फाइल्स' हा पर्याय असतो हे खरे. तो फाइली ठेवतो, पण वरून टाकलेले प्रोग्रॅम काढतो. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर लग्नपत्रिका करणाऱ्या प्रेसवाल्याला विचारा म्हणजे कळेल. प्रोग्रॅम आणि फॉन्ट गेले की जुन्या फाइलीतल्या मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा भुगा दिसतो, आणि लग्नसराईत ते सगळे पुन्हा बसवायला वेळ कुणाला आहे?

त्यापेक्षा आधी फाइली बाहेर काढा. रिपेअरच्या स्क्रीनवर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये कमांड प्रॉम्प्ट असतो. तिथे इंग्रजीत notepad टाइप करून एंटर दाबा, फाइल-ओपन करा, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या छोट्या खिडकीतून युझर्स फोल्डर दिसते आणि तिथूनच कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येते. ड्राइव्हची अक्षरे तिथे बदललेली असू शकतात, घाबरू नका. जास्त डेटा असेल तर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा) पेनड्राइव्ह करून त्यावरून मशीन सुरू करा. 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नव्हे. मात्र हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातले काही करू नका. विंडोजचा डिस्क तपासणारा चेकडिस्कही चालवू नका. मशीन बंद करा, कारण अशी डिस्क जितकी फिरेल तितकी बिघडते.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारे विंडोजचे कुलूप. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. मग अपडेटनंतर किंवा बोर्ड बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. गिऱ्हाईक म्हणते, मी तर कुलूप लावलेच नाही! ती की त्या खात्यात ऑनलाइन असते. पण खाते कोणाचे? विकत घेताना दुकानातल्या पोराने पटकन बनवून दिलेले, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. ही की नसेल तर मीच काय, डेटा रिकव्हरीच्या मोठ्या लॅबही हात टेकतात. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती काढून कागदावर लिहून ठेवा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हाही फाइली जागेवरच होत्या. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच प्रोग्रॅमवर सुरू करून) जाऊन एक सदोष फाइल काढली की काम होत होते. डिस्क कुलूपबंद होती तिथे त्याआधी हेच ४८ आकडे लागले.

पावसाळा आहे म्हणून आणखी एक. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतर आलेल्या कित्येक लॅपटॉपांना पाण्याने नाही, तर 'वाळला वाटतं' म्हणून चालू करून बघण्याने मारले होते. कीबोर्डखाली गाळ तसाच. भिजलेले मशीन चार्जरला लावू नका, बॅटरी निघत असेल तर काढा आणि तसेच घेऊन या.

ती चौकट आपण क्रम सुधारून पुन्हा छापावी, ही विनंती. दुकानदार मंडळींनाही सांगणे आहे: पावतीवर 'डेटाची जबाबदारी आमची नाही' हे छापायला जागा असते, तर 'कोणत्या फाइली हव्यात?' या प्रश्नालाही एक ओळ द्या. आणि वाचकांनो, डिस्क बदलून घेतली तर जुनी मागून घ्या. ती बंद पडलेली असली तरी तुमचे आधार, पॅन, फोटो अजून तिच्यात असतात.

— एक लॅपटॉप दुरुस्तीवाला, चिपळूण