मॅडम, त्या दिवशी तुम्ही सलाईन लावली नाही त्याबद्दल

नमस्कार मॅडम,

तुम्हाला मी आठवणार नाही बहुतेक, तुमच्या दवाखान्यात रोज एवढी गर्दी असते. २०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सुरतहून माहेरी आले होते, चोपडा तालुक्यात आमचं गाव, आणि आखाजीच्या तिसऱ्या दिवशी माझ्या दीड वर्षाच्या पिल्लूला उलट्या-जुलाब सुरू झाले. सकाळपर्यंत सात-आठ वेळा झालं, दुपारी तर नुसतं पाण्यासारखं, आणि मांडीवर घेतलं तर मान टाकून पडायचा. त्यात मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन.

आम्ही दवाखान्यात आल्या आल्या माझ्या मायनं तुम्हाला हात जोडले, "बाई, पोऱ्यानं तोंड सुकी गयं, सलाईन लाई द्या ना." माझा भाऊ पण तेच, पैसे कितीही लागू द्या पण सलाईन लावा. तुम्ही काहीच न बोलता आधी पिल्लूला तपासलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली, मला विचारलं शेवटची शू कधी केली. मला आठवेना. मग तुम्ही मायशी आमच्या अहिराणीतच बोललात, "माय, चमचा चमचा पाजूत." आणि तिथंच, बाहेरच्या बाकावर, मला ओआरएस म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याची वाटी आणि चमचा देऊन बसवलं.

खरं सांगते, तेव्हा मला तुमचा राग आला होता. एवढं आजारी पोर आणि ह्या नुसतं पाणी पाजा म्हणतात.

मग तुम्ही विचारलं घरी काय काय दिलं. मी पिशवीतून तो ज्यूससारखा डबा काढला, भावानं मेडिकलमधून आणलेला, त्यावर ओआरएस लिहिलेलं होतं म्हणून आम्ही दोन डबे पाजले होते. आणि ओआरएसच्या पावडरचं पाकीट पण दिलं होतं, पण मी ते अख्खं पाकीट एका ग्लासात घातलं होतं मॅडम. कुणी सांगितलंच नव्हतं. घट्ट केलं तर जास्त ताकद येईल असंच वाटलं. तुम्ही रागावला नाहीत. टेबलावरची एक लिटरची बाटली घेतली, मार्करनं गळ्याजवळ रेघ मारली, माझ्यासमोर पाकीट फोडून सगळं त्यात ओतलं आणि म्हणालात, अख्खं पाकीट, अख्खा लिटर, कमी नाही जास्त नाही. ग्लासात केलं तर मीठ इतकं जास्त होतं की लेकराच्या रक्तातलं मीठ वाढून उलटं नुकसान होतं, आणि त्या डब्यातली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब अजून वाढतात. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं, तेवढंच मिठाला आणि पाण्याला आत शोषून घ्यायला लागतं. हे मला कुणीच असं समजावून सांगितलं नव्हतं.

पिल्लूचं वजन साडेनऊ किलो भरलं, तुम्ही कागदावर हिशोब केला, किलोला पंच्याहत्तर मिली, म्हणजे चार तासात सातशेच्या आसपास. दर एक-दोन मिनिटाला एक चमचा. पहिल्या पाचच मिनिटात त्यानं सगळं ओकलं आणि मी रडायलाच लागले. तुम्ही आतून आवाज दिला, दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, आता अजून हळू. मग मी घड्याळाकडे बघत बसले, स्टीलचा चमचा, वाटी, त्याचे सुकलेले ओठ, एक चमचा, थांब, परत एक चमचा. दुसरे पेशंट तपासता तपासता तुम्ही तीन-चार वेळा बाहेर येऊन बघून गेलात.

भाऊ तरी कुरकुर करतच होता. त्याला तुम्ही उभ्या उभ्या १९७१ ची गोष्ट सांगितली, बांगलादेशच्या लढाईत पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत निर्वासितांना कॉलरा झाला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी लोकांना पाजलं आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. वर म्हणालात, सलाईन माझ्याकडे आहे दादा, पोरगं पिऊ शकलं नाही, गुंगीत गेलं तर मी तुम्हाला न विचारता लावीन. त्यानंतर तो गप्प झाला आणि स्वतः चमचा हातात घेतला.

दोन-अडीच तासांनी पिल्लू रडला. तुम्ही धावत आलात आणि हसलात, म्हणालात बघा, डोळ्यात पाणी आलं. त्याआधी तो कोरडाच रडत होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि थोड्या वेळानं माझी साडी ओली झाली. ओल्या साडीचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

घरी जाताना तुम्ही मायला पण सांगितलंत, कारण तिनं त्याचं अंगावरचं दूध आणि जेवण दोन्ही बंद करून नुसतं साबुदाण्याचं पाणी चालू केलं होतं. दूध बंद करायचं नाही, मऊ खिचडी द्यायची, आणि जळगाव जिल्ह्यात राहून लेकराला केळं द्यायचं नाही असं कसं चालेल, जुलाबात पोटॅशियम जातं ते केळ्यातून मिळतं. माय अजून हे अख्ख्या गल्लीत सांगते. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज वीस मिलीग्रॅम, पूर्ण चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. चौथ्या दिवशी पोरगं खेळायला लागल्यावर मी बंद करणारच होते, तुमचं 'तरी' आठवलं म्हणून पूर्ण केल्या. संडासात रक्त दिसलं, सहा-आठ तास शू नाही झाली, पोरगं पिईना किंवा उठेना, तर रात्री कितीही वाजता या, हे तुम्ही स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे.

मग ऑक्टोबरमध्ये बातमी आली की एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, असल्या गोड पेयांवर ओआरएस लिहायला बंदी केली, हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. बातमी वाचली आणि पहिली तुमची आठवण आली, कारण तुम्ही हेच मला सहा महिने आधी बाकावर बसून सांगितलं होतं. मी लगेच भावाला फोन केला, तो म्हणाला मी तर तेव्हापासून मेडिकलवाल्याला पावडरचंच पाकीट मागतो.

इथे सुरतेत उधन्याला आमच्या चाळीत निम्मे लोक आपल्याच खान्देशातले. पावसाळ्यात शेजारणीच्या मुलीला असंच झालं तेव्हा मी रेघ मारलेली बाटली घेऊन गेले आणि तिच्यासोबत तीन तास चमचा-वाटी घेऊन बसले. मुलगी बरी झाली. तिची आजी पण आधी सलाईनच म्हणत होती.

येत्या आखाजीला येतोय मॅडम. पिल्लूला तुमच्याकडे वजनाला आणते, आणि माय म्हणालीय खापरावरचे मांडे घेऊनच जायचे, नाही म्हणू नका.

तुमची,
चमचा-वाटीवाली पिल्लूची आई