सूचना : रविवारची सहल, हेड्रियनचा व्हिला, तिवोली

सभासद मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी आपण रोमपासून सुमारे ३० किलोमीटरवरच्या तिवोलीला जातोय. सकाळी ठीक ८ वाजता पोंते माम्मोलो मेट्रो स्थानकाबाहेर (बी लाइन) जमा. बस सुटली की पुढची केव्हा मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून कोणासाठीही थांबता येणार नाही.

नाव ‘व्हिला’ असलं तरी हा बंगला नव्हे. सम्राट हेड्रियनने (राज्यकाळ इ. स. ११७ ते १३८) वसवलेलं हे जवळपास १२० हेक्टरचं नगरच आहे. १९९९ पासून जागतिक वारसास्थळ. कानोपस नावाच्या लांब तलावाकाठी अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरील स्त्रीमूर्तींच्या प्रतिकृती उभ्या आहेत. मला मात्र सर्वांत आवडतं ते गोल खंदकातलं छोटंसं बेट, सम्राटाची एकांताची जागा. भिंतींजवळ जाऊन बघा: शंकरपाळ्यांसारखे चौकोनी दगड तिरके, जाळीसारखे बसवलेत. १९०० वर्षं झाली, ओळ अजून सरळ आहे. पण हात लावू नका, भिंतींवर चढू नका. मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

सोबत आणा :
- ओळखपत्र (मुलांचंही)
- टोपी, पाण्याची बाटली, डबा
- चांगले बूट. चपला नकोत, वाट खडीची आणि चढउताराची आहे

मार्गदर्शक इंग्रजीत बोलतील, मी मराठीत सांगत जाईन. गुडघेदुखी असलेल्यांनी आधी कळवा, त्यांच्यासाठी जवळची वाट ठरवू.

नावं गुरुवार रात्रीपर्यंत द्या.

– सहल समितीतर्फे