पाकिटातल्या मिठाबद्दल

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर "हे कसलं मीठ पाठवलंस?" म्हणालीस तेव्हा मी बसमध्ये होते, धड बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. आधी महत्त्वाचं: ते कुणी चाखून बघू नका. (बाबांनी एव्हाना चाखलं असणारच.) कडू लागतं आणि पोटात गेलं की जुलाब होतात. पूर्वी रेचक म्हणूनच देत.

हे आपलं जेवणातलं मीठ नव्हे, आंघोळीच्या पाण्यात टाकायचं मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडवट पाण्यातून सतराव्या शतकात ते काढू लागले, म्हणून एप्सम सॉल्ट. खडे कोरडे ठणठणीत दिसतात, पण त्यांचं जवळजवळ निम्मं वजन आत बांधलेल्या पाण्याचंच असतं. म्हणजे अर्ध्या पाकिटात मी तुला पाणीच पाठवलंय!

माझा बेत शनिवारी रात्री, झोपायच्या दीडेक तास आधी. टबात ३८ अंशांच्या आसपासचं पाणी, नळ चालू असतानाच त्यात दोन वाट्या मीठ. तळाशी आधी पायाला खरखर लागते, हाताने ढवळलं की जाते. मग वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. तू विचारलंस तसं तरंगायला वगैरे होत नाही हं. मृत समुद्रात लिटरमागे ३४० ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, माझ्या टबात जेमतेम तीन-चार.

मॅग्नेशियम कातडीतून अंगात मुरतं असं पाकिटावर छापलंय. त्याला भक्कम पुरावा नाही. बराचसा गुण गरम पाण्याचाच: आखडलेले स्नायू सैल होतात, आणि बाहेर आल्यावर अंग निवत जातं तशी झोप येते. मग मीठ कशाला, म्हणशील. अगं, मीठ टाकलं की ते वाया जाऊ नये म्हणून मी वीस मिनिटं बसते. नुसत्या पाण्यातून पाचव्या मिनिटाला उठून कपडे वाळत घालायला गेले असते.

पहिल्या वेळी मात्र फजिती झाली. पाणी फार कढत घेतलं, वर अर्धा तास बसले आणि ताडकन उठले. डोळ्यांपुढे अंधारी. टॉवेलची दांडी हाताला लागली म्हणून वाचले. तुझं बीपी कमी असतं, तेव्हा तू बादलीत फक्त पाय बुडव, घोट्याच्या वर येईल इतक्या पाण्यात. अर्धी वाटी मीठ पुरे. पाणी कोपराने बघ, तळव्याला नेमका अंदाज येत नाही. भेगांतून रक्त येत असेल तर नको, झोंबेल. नंतर पाय पुसून तेल लाव, कातडी कोरडी पडते.

आणि बाबांचे पाय त्यात बुडवायचे नाहीत. मधुमेहात तळपाय बधिर होत जातात, भाजलेलं कळतच नाही, आणि भिजून कोरड्या पडलेल्या कातडीला चीर गेली की जखम लवकर भरत नाही. ते ऐकणार नाहीत, "मला काही होत नाही" म्हणतील. मागच्या वर्षी चपलेतला खडा त्यांना थेट संध्याकाळी, चप्पल काढताना दिसला होता, त्याची आठवण करून दे. तरी हट्ट धरला तर आधी डॉक्टरांना विचारा, तोवर पाकीट तुझ्या कपाटात.

तुझी,
धाकटी