सुहासला पत्र : आधी ‘नेहमीचे’ मृत्यू मोज, मग ‘जास्तीचे’

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. नेरूळ-तुर्भे पट्ट्यातल्या मृत्यूनोंदी तुझ्या हाती आल्यात आणि कुठल्या वस्तीत, कशामुळे नेहमीपेक्षा जास्त माणसं गेली हे तुला शोधायचंय, हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या भागात हे काम व्हायलाच हवं. फक्त एक विनंती: कारणांच्या मागे लगेच लागू नकोस. आधी ‘नेहमी’ म्हणजे किती, हे पक्कं कर. तिथे गफलत झाली की पुढची सगळी कारणं चुकीच्या आकड्याला चिकटवली जातात.

समज, एका प्रभागात २०१५ ते २०१९ या वर्षांत अनुक्रमे ८००, ८३०, ८६०, ८९० आणि ९२० मृत्यू नोंदले गेले आणि २०२० मध्ये १०५०. पाच वर्षांची सरासरी ८६०, म्हणजे १९० जास्त, २२ टक्के. पण आकडा दरवर्षी ३० ने चढतोच आहे. तो कल पुढे नेला तर २०२० साठी ९५० अपेक्षित होते, म्हणजे जास्तीचे १००, साडेदहा टक्के. यादी तीच, उत्तर जवळपास निम्म्यावर. म्हणून नवी मुंबईसाठी नुसती सरासरी वापरू नकोस. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाशी-नेरूळला तरुण वयात राहायला आलेली जोडपी आता सत्तरीपुढे गेलीत. तिथे मृत्यू वाढणारच, साथ असो वा नसो. अर्थात कलही डोळे झाकून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये कोविडकाळातल्या जास्तीच्या मृत्यूंचे आकडे जाहीर केले तेव्हा जर्मनीच्या बाबतीत हेच झालं. साथीच्या आदल्या वर्षी तिथे मृत्यू कमी होते, त्यामुळे पुढे काढलेली वक्ररेषा खाली वळली आणि जास्तीचे मृत्यू फुगले. नंतर तो आकडा बदलावा लागला. साधी सरळ रेषा पुष्कळदा बरी. आणि २०२२ नंतरच्या वर्षांचा हिशेब करताना २०२० आणि २०२१ ला ‘नेहमीच्या’ वर्षांत धरू नकोस, नाहीतर साथच नेहमीची होऊन बसेल.

योगायोगाचा चढ-उतारही विसरू नकोस. ९५० अपेक्षित असतील तर त्याचं वर्गमूळ साधारण ३१, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन्हीकडे ६० पर्यंतचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. आपले १०० त्याच्या पलीकडे आहेत, तेव्हा दखल घ्यायला हवी. पण हीच यादी आठवड्यांत वाटलीस तर आठवड्याला १८ मृत्यू अपेक्षित, आणि योगायोगाचा फरक ८ पर्यंतचा. एखाद्या आठवड्यात २५ झाले म्हणून काही घडलं असं म्हणता येत नाही. छोट्या वस्तीसाठी महिने किंवा तिमाही घे, आणि जुलैची तुलना जुलैशीच कर. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे मृत्यू दरवर्षी असतातच.

आता आपल्या भागाचे खास घोळ. मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, मृत्यू जिथे होतो तिथे होते. दिघ्याचा माणूस मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात वारला तर तो मुंबईच्या खात्यात. शहापूर-मुरबाडची बाई ठाण्यातल्या रुग्णालयात वारली तर ती ठाण्याच्या खात्यात. म्हणजे ज्या शहरात मोठी रुग्णालयं, तिथे मृत्यू जास्त दिसतात आणि ज्या तालुक्यात काहीच सोय नाही तो कागदावर निरोगी. नमुना क्र. २ च्या, म्हणजे मृत्यू नोंदवायच्या अर्जाच्या, सांख्यिकी भागात मृताचं राहण्याचं ठिकाण वेगळं लिहिलेलं असतं. तुझी विभागणी त्यावरूनच व्हायला हवी, नोंदणी केंद्रावरून नाही. त्याच भागात धूम्रपान, तंबाखू, सुपारी-पानमसाला आणि दारू किती वर्षं, असेही रकाने आहेत. ते भरलेले मिळाले तर सोनं समज, पण कोरा रकाना म्हणजे ‘व्यसन नाही’ असं मुळीच धरू नकोस.

जिल्ह्याचे जुने आकडे वापरणार असशील तर १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला हे ध्यानात ठेव. त्याआधीचा ‘ठाणे जिल्हा’ आणि नंतरचा, हे दोन वेगळे प्रदेश आहेत. खारघर-कामोठे लोक नवी मुंबईच म्हणतात, पण ते पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतात. लोकसंख्या शेवटची मोजली ती २०११ ला: ठाणे महापालिका १८.४ लाख, नवी मुंबई ११.२ लाख. पुढची जनगणना २०२७ ची. त्यामुळे दर काढताना छेदच डळमळीत आहे. त्यात २०२० च्या उन्हाळ्यात मजूर गावी परतले, म्हणजे इथे मरू शकणारी माणसंच कमी झाली आणि त्यांच्यापैकी कुणी गेलं असेल तर ते बिहारच्या किंवा उत्तर प्रदेशच्या नोंदीत. दर टाळ, संख्येवर काम कर, आणि वयोगट नक्की पाड: ० ते ४, ५ ते १४, १५ ते ४४, ४५ ते ६४, ६५ ते ७४, आणि ७५ च्या पुढे. स्त्री-पुरुष वेगळे.

आणि नोंदच न होणं. एखाद्या वस्तीत शंभरातले ८५ मृत्यू नोंदले जात होते आणि पुढे ९५ नोंदले जाऊ लागले, तर एकही माणूस जास्त न मरता नोंदी १२ टक्क्यांनी वाढतात. देशाचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. नागरी नोंदणीत २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १.०२ कोटी. कोविडने गेलेल्यांचा सरकारी आकडा या दोन वर्षांचा मिळून पाच लाखांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने याच दोन वर्षांसाठी भारतात ४७ लाख जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज दिला आणि केंद्र सरकारने तो पद्धतीवरच आक्षेप घेऊन नाकारला. वाढीतला काही भाग नोंदणी सुधारल्याचा आहे हे खरं. पण एका वर्षात २१ लाखांची उडी नुसत्या नोंदणीने बसत नाही, असं माझं ठाम मत आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनविना गेलेली माणसं कुठल्याही खात्यात न बसता गेली, तर तो त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

आता कारणं. पहिलं वय, आणि ते बाजूला काढल्याशिवाय पुढे जाऊच नकोस. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, इतरत्र १६ टक्के. संसर्गात इतकं अंतर असलं म्हणून मृत्यूंतही तेवढंच असेल असं नाही, कारण मृत्यू वयाबरोबर झपाट्याने चढतो आणि वस्तीत तरुण जास्त असतात. वयोगट न पाडता तुलना केलीस तर इमारतीतले म्हातारे धोकादायक भागात राहतात आणि दाटीवाटीतले तरुण सुरक्षित, असं काहीतरी भलतंच निघेल.

पण वयाने सगळं सुटत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियात पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० च्या जवळपास ६४ वर्षांवरून १९९४ मध्ये ५८ च्या खाली आलं. साथ नव्हती, युद्धाने म्हणावं तर तेही नाही. गेले ते कामाच्या वयातले पुरुष: दारू, हृदयविकार, अपघात, आत्महत्या. ग्लासगोचं उदाहरण तर मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. गरिबी लिव्हरपूल आणि मँचेस्टरइतकीच, तरी ६५ च्या आत मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. तेव्हा तुर्भे आणि दिघा एकाच उत्पन्नगटात बसतात म्हणून त्यांना एकत्र करून टाकू नकोस.

आडून होणारे मृत्यू जास्त शोध. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्टो रिकोत सरकारी आकडा ६४ होता, सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्यावर २९७५ निघाला. वीज महिनोन्‌महिने नव्हती, औषधं आणि दवाखाने हाताशी नव्हते. आपल्याकडे २०२० मध्ये क्षयरुग्णांच्या नोंदी २०१९ च्या २४ लाखांवरून १८ लाखांवर आल्या. हे सहा लाख रुग्ण बरे झालेले नव्हते, तपासलेच गेले नव्हते, आणि त्यांचे मृत्यू पुढच्या वर्षांत सापडतील. डायलिसिसवाल्यांचा आठवडा चुकला की वाट पाहायला वेळ नसतो. त्यांचे मृत्यू त्याच महिन्यात सापडतात. उलट काही मृत्यू कमीही झाले. मार्च २०२० पासून लोकल बंद, म्हणजे रुळांवरचे मृत्यूही घटले. जास्तीचा आकडा ही या सगळ्या बेरीज-वजाबाकीनंतरची शिल्लक असते. अपघाती मृत्यू वेगळे ठेवलेस तर आजाराने गेलेले नीट दिसतील.

उष्णतेसाठी वेगळा तक्ता कर. मे २०१० मध्ये अहमदाबादला १३४४ जास्तीचे मृत्यू झाले होते. त्यानंतर तिथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला. शिकागोत जुलै १९९५ च्या लाटेत एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचे लोक जास्त गेले. आपल्याकडे वरच्या मजल्याच्या जागी पत्र्याचं छप्पर धर. हवामान खातं किनारी भागात ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतं. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे कमी तापमानातही शरीर हरतं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात, महाराष्ट्र भूषण सोहळ्याच्या गर्दीत, ते सगळ्यांनी पाहिलं. तिथे निदान उष्माघात असं लिहिलं गेलं. घरीच मरण पावलेल्या सत्तरीतल्या माणसाच्या कागदावर ‘हृदयविकार’ येतो. म्हणून उष्णतेसाठी कारणाचा रकाना बघू नकोस, तारीख बघ. लाटेचे दिवस आणि पुढचे तीन दिवस यांत किती गेले, आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत आकडा नेहमीपेक्षा खाली गेला का. गेला असेल तर काही मृत्यू थोडेच दिवस अलीकडे सरकले होते.

कारणाच्या रकान्यावर माझा विश्वास कमी का, तेही सांगतो. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरी प्रमाणित कारण होतं. नमुना क्र. ४ मध्ये, म्हणजे रुग्णालयातल्या मृत्यूच्या कारणाच्या डॉक्टरी दाखल्यात, पहिल्या भागात साखळी खालून वर लिहायची असते. वरच्या ओळीत ‘सेप्टिक शॉक, २ दिवस’, त्याखाली ‘पायाचं गँगरीन, ३ आठवडे’, सर्वांत खाली ‘मधुमेह, १४ वर्षे’. मोजायचं ते खालचं, मधुमेह. प्रत्यक्षात एकाच ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असं येतं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, त्यातून काहीच कळत नाही. असे मृत्यू हृदयविकारात मिळवू नकोस. ‘कारण अस्पष्ट’ असा गट कर आणि त्याचं प्रमाण वर्षागणिक लिहून ठेव. घरच्या मृत्यूंना त्याच दाखल्याचा नमुना ४ अ लागतो. ते वेगळे काढ. घरी मृत्यू झालेल्यांचा वाटा २०२१ मध्ये वाढला का, हा मला सगळ्यांत आधी विचारावासा वाटणारा प्रश्न आहे.

यादी मला पाठवताना नावं आणि घर क्रमांक काढून टाक. वय, लिंग, मृत्यूची तारीख, नोंदणीची तारीख, राहण्याचा पिनकोड, मृत्यू घरी की रुग्णालयात, आणि कारण जसं लिहिलंय तसंच, दुरुस्त न करता, एवढंच ठेव. दोन्ही तारखा हव्यातच: नोंद २१ दिवसांत व्हायची असली तरी उशिरा येणाऱ्या पुष्कळ असतात, आणि ताजे दोन-तीन महिने नेहमी अपुरे दिसतात. ते वगळूनच सुरुवात करू. २०१५ च्या आधीचं सध्या नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मोहन